जळगाव १९०७ आणि पत्रिकेतली एक जागा

साहित्याचा इतिहास आपण लेखकांच्या नावाने लिहितो. कोण कधी जन्मला, कोणता संग्रह कोणत्या साली आला, कोणावर कोणाचा प्रभाव होता. शाळेत मीही तसाच शिकवला. अभ्यासक्रमच तसा होता. पण कविता पुस्तकात जाण्याआधी बहुतेक वेळा चार माणसांसमोर म्हटली जाते. त्यासाठी कुणीतरी आधी दिवस ठरवतो, जागा मिळवतो, सतरंज्या घालतो आणि कागदावर लिहून ठेवतो की अमक्या वेळी अमका बोलेल. त्या ठरवणाऱ्याचे नाव इतिहासात क्वचितच सापडते.

आज त्या कागदाविषयी, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेविषयी लिहायचे आहे. दिसायला ती लग्नपत्रिकेसारखीच. समारंभ झाला की रद्दीत जाते. पण कोण बोलणार हे तिच्यावर लिहिताना कोण बोलणार नाही हेही आपोआप ठरून जाते. आमच्या खानदेशात एकाच गावात, एकाच वर्षी या दोन्ही गोष्टी घडल्या. एकाला पत्रिकेत जागा मिळाली आणि मराठी कवितेला बालकवी मिळाले. त्याच गावात राहणाऱ्या एका बाईपर्यंत कुठलीही पत्रिका पोचू शकत नव्हती, आणि तिची गाणी लोकांसमोर यायला आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. दुसरी गोष्ट पहिलीइतकी सांगितली जात नाही. म्हणून दोन्ही एकत्र सांगते.

थोडे मागे जाऊ या. जमलेल्या लोकांसमोर कीर्तन, प्रवचन, पोवाडा, भारूड करणे आपल्याकडे जुनेच. पण ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या विषयावर, तिथी-वाराशी आणि देवळाशी संबंध नसलेली भाषणे ऐकायला जमायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. १८७८ साली रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तिथून मोजतात.

आणि पत्रिकेचा वादही तेव्हापासूनचाच आहे. १८८५ साली पुन्हा ग्रंथकारसभा भरवायचे ठरले, तेव्हा जोतीराव फुले यांना बोलावणे गेले. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. शूद्रातिशूद्रांचे माणूस म्हणून असलेले हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करायचे, असा त्या पत्राचा रोख होता. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच दोन प्रश्न उभे राहिले होते. सभा कुणी भरवायची? आणि त्या सभेत कुणाचे ऐकले जायचे? आपण आजही हेच दोन प्रश्न सोडवत बसलो आहोत.

आता जळगावकडे येते. कवितेचे पहिले संमेलन पुण्या-मुंबईला न भरता जळगावला का भरले, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारायचे. उत्तर एका मासिकात आहे. ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ साली जळगावहून निघू लागले. संपादक नारायण नरसिंह फडणीस. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, तेही मोठ्या शहरापासून दूर, आणि ते १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक चालले. आज आपण नियतकालिकांचे हाल बघतो त्यावरून या चिकाटीची कल्पना करावी. केशवसुतांच्या कविता त्यात छापल्या गेल्या. केशवसुत काही वर्षे फैजपूरला शिक्षक होते. फैजपूर म्हणजे आमच्या चोपड्याहून यावल मार्गे गेले की सातपुड्याच्या पायथ्याचेच गाव. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले. धुळ्याचे कवी विनायक याच काळातले. म्हणजे गाव आडवळणाचे असले तरी कवितेची ये-जा इथे चालू होती.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. १९०६ साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळे, पूर्व खानदेशाचे जळगाव. कापसाची पेठ, मुंबईकडे जाणारा लोहमार्ग, सुरतेकडे जाणारा तापी खोऱ्यातला लोहमार्ग, आणि आता कचेऱ्या आणि वकील मंडळी. बाहेरगावच्या माणसाला गाडीने येऊन उतरता येते, मुक्कामाची सोय होते आणि चार वर्गणीदार भेटतात, अशा ठिकाणीच संमेलने होतात. रसिकता लागतेच, पण आगगाडीही लागते. हे वाक्य विनोदाने घेऊ नका. साहित्याच्या इतिहासात आगगाडीचे वेळापत्रक आपण फार कमी वेळा पाहतो.

तर १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ मोठे नामांकित. सरकारी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. बी. डी. बसू यांच्याबरोबर त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. वयाने, मानाने, अधिकाराने मोठा असा हा अध्यक्ष. आणि त्यांच्यासमोर कविता म्हणायला उभा राहिला धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९०. म्हणजे सतराव्या वर्षाच्या आसपासचा मुलगा. कविता ऐकून कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ती पुढे इतकी चिकटली की ठोमरे हे आडनाव सांगितल्यावर आजची मुले विचारात पडतात.

ही गोष्ट आपण ‘प्रतिभा लपत नाही’ या थाटात सांगतो. मला तसे वाटत नाही. प्रतिभा चांगली लपते. पिढ्यानपिढ्या लपून राहते. इथे ती लपली नाही, कारण कुणीतरी त्या मुलाला उभे राहू दिले. जमलेल्या कवींमध्ये एका पोरालाही म्हणू द्यावे, हे कुणाला तरी सुचले आणि बाकीच्यांनी ते मान्य केले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तो म्हणत असताना अध्यक्ष ऐकत होते. ऐकल्याशिवाय पदवी देता येत नाही! नवोदितांना आपण पुष्कळदा वेळ देतो, पण तो पाहुणे जेवायला गेल्यावर.

पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अहमदनगरच्या घरी ठोमरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये या मुलाविषयी फार मायेने लिहिले आहे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. जळगावच्या त्या संमेलनापासून भादलीपर्यंत अकरा वर्षे. त्यांची सगळी मोठी कविता या अकरा वर्षांच्या आसपासची. कुणी म्हणाले असते, ‘पोर आहे, अजून पाचदहा वर्षे लिहू दे, मग बघू,’ तर? पाचदहा वर्षे त्यांच्याजवळ नव्हतीच. पत्रिका करणाऱ्याला हे कधीच माहीत नसते. म्हणून त्याने थांबायला सांगताना दहादा विचार करावा.

आता त्याच जळगावातली दुसरी गोष्ट. १८८० साली आसोद्याला जन्मलेली बहिणाबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरात आली होती. कविसंमेलन भरले तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची. अक्षरओळख नाही. शेत, घर, जाते, सण, लेकरे. आणि योगायोग बघा, तिचा मुलगा सोपानदेव याचा जन्म १९०७ चाच. पुढे कवी झालेले सोपानदेव चौधरी ते हेच. आईची गाणी त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी ऐकून ऐकून लिहून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला वारल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले.

गावात मराठीतले पहिले कविसंमेलन भरले होते, आणि मराठीतली एक थोर कवयित्री त्याच गावात होती. दोघांची गाठ पडली नाही. यात कुणा संयोजकाचा दोष काढायचा माझा हेतू नाही. त्या काळात असे संमेलन भरवणाऱ्यांना जात्यावरच्या बाईला शोधायचे असते हेच माहीत नव्हते. कविता म्हणजे कागदावर लिहिलेली, वृत्तात बसलेली, मासिकाकडे पाठवलेली. संमेलनाला निमंत्रण जायचे ते पत्त्यावर. जिला लिहिता येत नाही तिचा पत्ता काव्यरत्नावलीच्या वहीत येणार कसा? दार बंद केलेले नव्हते. तिच्या बाजूच्या भिंतीला दारच नव्हते.

बालकवींना एका संध्याकाळी मिळाले ते बहिणाबाईंना मरणानंतर मिळाले, तेही घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून. ज्या घरांत असा मुलगा नव्हता तिथली गाणी कुठे गेली? सासरी-माहेरी, शेतात, आजारी माणसाच्या उशाशी म्हटली गेली आणि संपली. हा विचार मनात आला की मला पत्रिकेतल्या दहा मिनिटांची किंमत कळते.

खानदेशातच आणखी एक उदाहरण आहे, आणि ते सभागृहातले नसून तुरुंगातले आहे. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या काळात विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा. अमळनेरच्या शाळेत शिक्षकी केलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती भरभर लिहून घेतली. त्याचेच पुढे ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक झाले आणि कितीतरी भाषांत गेले.

व्याख्यानमाला चालवणाऱ्याने या अठरा रविवारांकडे नीट पाहावे. वार ठरलेला. वक्ता एकच, पण विषयाला क्रम असलेला. श्रोते तेच, त्यामुळे मागच्या रविवारचा धागा या रविवारी धरता येतो. खर्च शून्य. सजावट नाही, हार नाहीत, आभारप्रदर्शन नाही. आणि एक माणूस लिहून घेणारा. हा शेवटचा माणूस आपण नेहमी विसरतो. आमच्या लहान गावांत गेल्या शंभर वर्षांत किती मोठी माणसे बोलून गेली! पण बहुतेकांचे पत्रिकेवरचे नाव तेवढे उरले, बोलणे वाऱ्यावर गेले. बहिणाबाईंना सोपानदेव होते आणि विनोबांना साने गुरुजी. ऐकणारा आणि लिहून ठेवणारा नसेल तर बोलणाऱ्याचे पुढे काही उरत नाही.

यानंतर कविता ऐकवण्याची स्वतंत्र कला झाली. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी कविता लोकांसमोर म्हणत, गात, आणि लोक त्यासाठी गर्दी करत. त्यातलेच माधव ज्युलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १९३६ साली जळगावला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९४४ ला धुळ्याला मामा वरेरकर, १९५२ ला अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी, १९८४ ला पुन्हा जळगावला शंकरराव खरात. खरातांच्या नावापाशी मी नेहमी थोडी थांबते. फुल्यांच्या त्या पत्राला ९९ वर्षे झाली होती. एका दलित लेखकाला अध्यक्षपदावरून ऐकायला मराठी साहित्य संमेलनाला एवढा काळ लागला, आणि तेही आमच्या जळगावात घडले. अर्थात त्याआधीच, १९५८ साली, मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले होते. ज्यांना जागा मिळत नाही ते शेवटी स्वतःची पत्रिका छापतात. तेही योग्यच आहे.

पन्नास-साठच्या दशकांत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे गावोगाव काव्यवाचनाला जाऊ लागले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथा सांगत हिंडले. माझ्या पिढीने साहित्य असे कानाने घेतले. पुस्तक विकत घेण्याइतके पैसे घरात नसायचे, पण वाचनालयाच्या अंगणात बसायला पैसे पडत नव्हते. या मंडळींना गावागावांतल्या व्याख्यानमालांनी जगवले असे नाही म्हणता येणार, पण त्यांना श्रोता या मालांनीच दिला हे नक्की.

आमच्या गावातल्या अशाच एका व्याख्यानमालेच्या समितीवर मी नोकरीत असल्यापासून निवृत्तीनंतरही बरीच वर्षे होते. सुरुवातीला समितीत मी एकटीच बाई. त्यामुळे चहाचे माझ्याकडेच येईल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मी वक्त्यांशी पत्रव्यवहाराचे काम मागून घेतले. त्या कामात जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून थोडे सांगते.

पहिले म्हणजे दिवस. परीक्षा नकोत, लग्नसराई नको, कापूस वेचणीची धांदल नको. म्हणजे थंडीतले थोडे दिवस उरतात. त्याच दिवसांत आजूबाजूची सगळी गावे आपापली माला ठरवतात. दुसरे म्हणजे वाट. चोपड्याला रेल्वे नाही. पाहुणा जळगावला किंवा अमळनेरला उतरणार, तिथून एस.टी.ने किंवा कुणाच्या तरी गाडीने. मुक्काम समितीतल्या कुणाच्या घरी. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन पुण्याचा वक्ता खूश झाला की पुढच्या वर्षी तो स्वतःहून दुसऱ्या चांगल्या वक्त्याचे नाव सुचवतो. आमची अर्धी माला अशी भरताने बांधलेली होती. तिसरे म्हणजे पैसा. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, पतसंस्था, दुकानदार, डॉक्टर. पावतीपुस्तक घेऊन हिंडायचे. आणि दोन हजारच्या दशकात भारनियमनाचे तास बघून वेळ ठरवायची, नाहीतर ऐन रंगात माइक बंद पडायचा.

पण खरे काम क्रमाचे. पाच दिवसांची माला असेल तर पहिला दिवस मोठ्या नावाचा, म्हणजे गर्दी होते आणि वर्गणीदारांना समाधान वाटते. शेवटचा दिवस हसवणाऱ्याचा, म्हणजे लोक खूश होऊन घरी जातात. मधला, तिसरा दिवस कोणाचा? समितीची नियत त्या तिसऱ्या दिवसावरून कळते. त्या दिवशी गर्दी थोडी कमी असते आणि म्हणून थोडे धाडस करता येते. इतिहासाचा अभ्यासक, शेतीवर बोलणारा, नाव नसलेला पण दम असलेला कवी, असे आम्ही तिसऱ्या दिवशी बसवायचो. वर्षे लोटल्यावर लोक पहिल्या दिवसाचे नाव विसरतात आणि तिसऱ्या दिवसाचे एखादे वाक्य सांगतात, हा माझा अनुभव आहे.

धाडस परवडण्यासाठी जागा लहान असावी लागते. मुंबईचे उदाहरण देते. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांचे प्रयोग होऊ लागले. शाळा सुटली की नाटक. मोठा रंगमंच नाही, मखमली पडदा नाही, भाडे बेताचे, तिकीट बेताचे. तिथे नाटक पडले तर कुणाचे दिवाळे निघत नव्हते. म्हणून नवे नाटक करून बघता आले, आणि मराठीत त्याला छबिलदास चळवळ हे नावच पडले. एका शाळेचे नाव चळवळीला मिळावे याचे मला, शिक्षिका म्हणून, फार अप्रूप वाटते. हजार खुर्च्यांच्या सभागृहाला हजार माणसे आणणारे नाव लागते. साठ माणसांच्या खोलीत अनोळखी माणूसही चालतो.

तर हे मनात ठेवून मी समितीत एक सूचना मांडली होती. रोज मुख्य व्याख्यानाच्या आधी दहा मिनिटे तालुक्यातल्या कुणाही नव्या माणसाला द्यायची. कविता वाचा, गोष्ट सांगा, आजीच्या ओव्या म्हणा. अट एकच, पाहुणा व्यासपीठावर बसलेला असतानाच हे व्हायचे. आक्षेप आले. पाहुण्यांचा वेळ जाईल. दर्जाचे काय? लोक पाहुण्यांना ऐकायला येतात, आपल्याच पोरांना कशाला ऐकतील? शेवटी ‘एक वर्ष करून बघू’ यावर मिटले आणि पुढे काही वर्षे ते चालले.

सगळ्यांनी चांगले वाचले असे अजिबात नाही. काही कविता ऐकवत नव्हत्या. पण चोपडा तालुक्यात किती बोली आहेत ते मला त्या दहा मिनिटांत कळले. पश्चिमेकडून अहिराणी, पूर्वेकडून लेवा मंडळींची बोली, मध्ये गुर्जरांची, सातपुड्यात पावरी, तडवींची वेगळीच. एका वर्षी पायथ्याकडच्या पाड्यावरचा एक मुलगा आला. त्याने पावरीत वाचले. निम्म्या श्रोत्यांना कळले नाही. थोडी चुळबुळही झाली. पण त्या दिवशीचे पाहुणे पुढे वाकून ऐकत होते. त्याचे झाल्यावर त्यांनी माइकवरूनच त्याला दोन शब्दांचे अर्थ विचारले, आणि तो मुलगा मग पाच मिनिटे ते अर्थ सांगत राहिला. माझ्या मते त्या वर्षीच्या मालेतली ती सगळ्यात चांगली पाच मिनिटे होती. तो मुलगा पुढे नामवंत कवी वगैरे झाला नाही. तो शिक्षक झाला, आणि आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांची गाणी वहीत उतरवून ठेवतो. मला एवढे पुरे आहे. सोपानदेवांनी तरी आधी हेच केले होते.

ती दहा मिनिटे पुढे गेली. मालेला मोठा प्रायोजक मिळाला. त्यांच्या चित्रफितीसाठी आणि सत्कारासाठी वेळ हवा होता, आणि वेळ कुठून काढायचा तर जिथे कुणी भांडणार नाही तिथून. मी भांडले, पण एकटी पडले. प्रायोजक वाईट नव्हते, मंडप खरोखरच छान झाला. फक्त पत्रिकेत अनोळखी नाव उरले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झाले. अध्यक्ष वासुदेव मुलाटे. साने गुरुजींच्या गावात दोन मांडव, दोन पत्रिका. कुणी म्हणाले, ही फूट बरी नाही. मला त्यात १८८५ दिसले. वाद चालू आहे म्हणजे लोकांना व्यासपीठाची किंमत अजून वाटते. ज्या दिवशी कुणीच दुसरा मांडव घालणार नाही तो दिवस जास्त वाईट.

अलीकडे मोठ्या संमेलनांत कविकट्टा असतो. शेकडो नवे कवी सकाळपासून रात्रीपर्यंत कविता म्हणतात. सोय चांगली आहे, पण मनात एक शंका राहते. तिथे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ऐकणारे बहुधा आपला नंबर यायची वाट बघत बसलेले असतात. अध्यक्ष दुसऱ्या मांडवात असतात. जळगावला १९०७ साली मांडव एकच होता. मोबाइलवर आज कुणीही स्वतःची कविता जगाला ऐकवू शकतो, हे खरे. त्यामुळे बहिणाबाईंच्या बाजूच्या भिंतीला एक दार पडले, हेही मान्य करते. पण आपल्याहून मोठ्या माणसाने, आपल्याच गावात, आपल्यासमोर बसून ऐकणे ही गोष्ट वेगळी आहे. ती कुणीतरी जुळवून आणावी लागते.

म्हणून वाचनालये, मंडळे, व्याख्यानमाला चालवणाऱ्या तरुण मित्रांना आणि लेकींना एवढेच सांगते. मोठे नाव जरूर बोलवा, त्याशिवाय पावतीपुस्तक फाटत नाही. पण पत्रिका छापखान्यात देण्याआधी एक ओळ अशी ठेवा जिथले नाव गावाला माहीत नाही. ते नाव शेवटी टाकू नका, पाहुण्याच्या आधी टाका. आपण ज्या घरांत निमंत्रण पाठवत नाही त्या घरांत एकदा स्वतः जाऊन या, कारण तिथे पत्ता नसतो, गाणे असते. आणि एका मुलाला किंवा मुलीला वही देऊन कोपऱ्यात बसवा, सगळे लिहून घ्यायला.

हे सगळे केल्याने बालकवी मिळेलच असे नाही. जळगावलाही रोज मिळत नव्हते. पण जागाच ठेवली नाही तर मिळाला असता की नाही, हे कळणारसुद्धा नाही.

असो. लेख लांबला. आपल्या गावात अशी एखादी माला चालत असेल आणि जुन्या पत्रिका कुणाच्या कपाटात पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. एका फाइलीत लावून वाचनालयात ठेवा. पुढे कुणी गावाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला फार उपयोगी पडतील.